मांस उडतंय, पण ताकद शाबूत आहे: ईएमजी करायची का?

पोटरी, पापणी, दंड किंवा अंगठ्याच्या मुळाशी मांस उडू लागलं की माणूस चार दिवस दुर्लक्ष करतो. पाचव्या रात्री मोबाईलवर 'मोटर न्यूरॉन' (स्नायू चालवणाऱ्या नसपेशी मरत जाण्याचा गंभीर आजार) हे नाव वाचतो आणि सकाळी थेट लॅबला फोन लावतो. क्रम इथेच उलटा होतो. ईएमजी, म्हणजे नसा आणि स्नायूंची सुईने होणारी तपासणी, कशासाठी करायची, हे आधी ठरावं लागतं. ताकद कमी झाली आहे का, स्नायू सुकला आहे का, हातोडी मारल्यावर गुडघा नीट उडतो का, हे न्यूरोलॉजिस्ट पंधरा-वीस मिनिटांत हातानेच बघतात. तिथे सगळं ठीक निघालं तर नुसत्या उडण्यासाठी सुई टोचून घेण्याची सहसा गरज नसते.

हा निव्वळ धीर देण्याचा भाग नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने असं नुसतंच मांस उडणाऱ्या १२१ रुग्णांचा २ ते ३२ वर्षं पाठपुरावा केला आणि १९९३ साली निष्कर्ष छापले. एकालाही मोटर न्यूरॉनचा आजार झाला नव्हता. पापणीबद्दल तर बोलायलाच नको. डोळा लवण्याचा शकून ज्याचा त्याने ठरवावा, त्यासाठी ईएमजी कोणी करत नाही.

घरी काय बघायचं? दहा पावलं टाचांवर चाला, दहा चवड्यांवर. एकेका पायावर उडी मारा. उकिडवं बसून हाताचा आधार न घेता उठा. शर्टाचं बटण लावा, कुलपात किल्ली फिरवा, दोन्ही हातांची चिमूट सारखीच घट्ट बसते का बघा. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग एका हाताला खोल गेलाय का, तेही पाहा. चालताना एकाच पायातली चप्पल नकळत निसटणं, भाकरी थापताना एकच हात लवकर ढिला पडणं, बोलणं जड होणं, पाणी पिताना ठसका लागणं या तक्रारी उडण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाच्या. ही तपासणी आठवड्यातून एकदा पुरे. दिवसातून वीसदा उड्या मारल्या की पोटरी थकते, जास्तच उडते आणि भीती वाढते. आरशात जीभ बाहेर काढून बघणं सोडाच. बाहेर काढलेली जीभ प्रत्येकाची थरथरते. डॉक्टर ती तोंडात सैल ठेवायला सांगून बघतात.

मग उडतं कशामुळे? सोलापुरात कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. यंत्रमागावर रात्रपाळीत तासन्‌तास उभं राहणं, अपुरी झोप, पाळीत सात-आठ कप चहा, मावा, विडी, मिश्री. निकोटीन आणि कॅफीन दोन्ही नसांना चेतवतात. विड्या वळणाऱ्या बायकांच्या अंगठ्याच्या स्नायूला दिवसभर उसंत नसते, शिवाय तंबाखू हाताळणं असतंच. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की घामावाटे मीठ जातं. त्याने उडण्यापेक्षा पेटके जास्त येतात. ओआरएसचं १ लिटरचं पाकीट १ लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या ग्लासात नको. बीपी किंवा किडनीचा आजार असेल तर आधी विचारा.

औषधंही तपासा: दम्याचा सॅल्ब्युटामॉल पंप, थायरॉईडच्या गोळीचा जास्त डोस, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, वर्षानुवर्षं चालू असलेली ॲसिडिटीची गोळी (हिने मॅग्नेशियम घटू शकतं). रक्तात थायरॉईड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, बी१२ आणि सीपीके (स्नायूंना ताण किंवा इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) बघतात. सीपीके द्यायच्या आधी तीन-चार दिवस जिम किंवा अंगमेहनत टाळा. ईएमजी होणार असेल तर रक्त आधी द्या, कारण सुईनेही सीपीके थोडं वाढू शकतं.

एक प्रसंग मात्र वेगळा आहे. द्राक्ष किंवा डाळिंबाच्या बागेत फवारणी केल्यावर काही तासांत अंगभर मांस उडू लागलं आणि सोबत घाम, लाळ, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या असतील, तर ती विषबाधा समजा. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, औषधाची बाटली सोबत घ्या, १०८ ला फोन करा.

नसांची तपासणी खरोखर कधी लागते? ताकद कमी झाली, स्नायू सुकला, रिफ्लेक्स (हातोडी मारल्यावरची उसळी) बिघडले, मानेतून हातात किंवा कमरेतून पायात कळ आणि बधिरपणा उतरतो, किंवा पेटक्यांसोबत अंग ताठरतं आणि स्नायू सैल व्हायला वेळ लागतो, तेव्हा. पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलाचा एक पंजा आणि कोपराखालचा हात हळूहळू सुकत असेल, बोटं थरथरत असतील, थंडीत पकड आणखी जात असेल, तर हिरायामा आजाराचा (मान वाकवताना मज्जारज्जू दबून हात सुकतो, त्याचा) विचार होतो. तो भारतात दुर्मीळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तिथे ईएमजीसोबत मान पुढे वाकवून केलेला एमआरआय लागतो. साधा, मान सरळ ठेवून केलेला एमआरआय नॉर्मल येऊ शकतो, हे चिठ्ठीवर लिहून घ्या.

आता फसगत होते ती जागा. 'ईएमजी-एनसीव्ही' या एकाच नावाखाली दोन तपासण्या येतात. एनसीव्हीमध्ये कातडीवर पट्ट्या लावून छोटे शॉक देतात आणि नसेतून लहर किती वेगाने जाते ते मोजतात. ईएमजीमध्ये बारीक सुई स्नायूत घालून त्यातली विद्युत हालचाल ऐकतात. सुईतून शॉक दिला जात नाही. मोटर न्यूरॉनचा प्रश्न सोडवते ती सुई. अनेकदा फक्त एनसीव्ही होते आणि माणूस 'ईएमजी नॉर्मल' म्हणत घरी जातो. वेळ घेतानाच विचारा: सुई लावणार का, कोण लावणार, किती स्नायू बघणार? फक्त उडणारी पोटरी बघून भागत नाही. हात, पाय, पाठीचे स्नायू आणि गरज पडली तर जीभही बघावी लागते.

त्या दिवशी उपाशी राहू नका. आंघोळ करून जा. हातापायांना तेल, क्रीम, पावडर नको. पेसमेकर किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी सांगा, गोळी मनाने बंद करू नका. हात गरम हवेत, कातडीचं तापमान निदान ३२ अंश. डिसेंबरात पहाटे बार्शीहून दुचाकीवर आलात आणि लगेच टेबलावर झोपलात तर दर अंशामागे नसेतल्या लहरीचा वेग सेकंदाला साधारण २ मीटरने कमी दिसतो आणि नसलेली 'न्यूरोपॅथी' (नसांचा आजार) रिपोर्टवर उमटते. गरम पाण्यात हात बुडवून मगच सुरुवात करायला सांगा. कंबर धरून पाय दुखायला लागून तीनच दिवस झाले असतील तर घाई नको; सुईला दिसणारे बदल यायला दोन-तीन आठवडे लागतात.

रिपोर्टमध्ये 'फॅसिक्युलेशन' लिहिलंय म्हणून घाबरू नका, ते म्हणजे तुम्हाला दिसतं तेच उडणं. 'फिब्रिलेशन' आणि 'पॉझिटिव्ह शार्प वेव्ह' (सहसा स्नायूचा नसेशी संबंध तुटल्याच्या खुणा) हे शब्द असतील तर ते कोणकोणत्या स्नायूंत आहेत ते महत्त्वाचं: एकाच मणक्याच्या नसेचे असतील तर अर्थ वेगळा, हात-पाय-पाठ सगळीकडे असतील तर वेगळा. पन्नाशीपुढे कमरेची जुनी झीज किंवा मनगटात दबलेली नस सहज सापडते. तिचा उडण्याशी संबंध असेलच असं नाही.

तपासणी नॉर्मल आली आणि ताकद तशीच आहे, तर दर दोन महिन्यांनी ती पुन्हा करण्यात पैसे जातात, नवीन काही कळत नाही. तीन ते सहा महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडून हातापायांची ताकद पुन्हा तपासून घ्या. जाताना उडणाऱ्या स्नायूचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये असू द्या. ओपीडीत नेमकं तेव्हाच ते थांबलेलं असतं.