उत्तेजनार्थ

मला लेखनासाठी मिळालेलं पहिलं बक्षीस ‘उत्तेजनार्थ’ होतं. दुसऱ्या वर्षाला होतो, आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा होती आणि प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलं होतं. आमच्यातल्या एकाने ते हातात घेऊन विचारलं, ‘‘हे उत्तेजन आहे की समजूत काढलीये?’’ सगळे हसले, मीही हसलो. पण आता कॉलेजातली मुलं संहिता घेऊन येतात तेव्हा माझं निम्मं बोलणं याच प्रश्नाभोवती फिरतं.

ती एकांकिका आधी घरी वाचली होती. आईला आवडली; तिला आवडणारच होती. मग कॉलेजात वाचन झालं आणि सिनियर म्हणाले, ‘‘कडक!’’ त्या एका शब्दावर मी तीन आठवडे काढले. संहितेत काना-मात्रा बदलला नाही.

प्राथमिक फेरीत आमची एंट्री जोरात झाली. पहिले दोन लाफ्टर बरोबर जागेवर आले. विसाव्या मिनिटानंतर मात्र खुर्च्या करकरायला लागल्या. नाट्यगृहातल्या अंधारात लोक बोलत नाहीत, पण खोकतात, पाय बदलतात, मोबाइल उघडून किती वाजले ते बघतात. विंगेत उभं राहून ते ऐकणं हे फार कठोर शिक्षण आहे. नवीन लेखकाने आपला प्रयोग एकदा तरी स्टेजकडे पाठ करून, प्रेक्षकांकडे बघत बघावा.

निकालानंतर परीक्षकांशी बोलायची सोय होती. एक परीक्षक म्हणाले, ‘‘भाषा छापील आहे.’’ मी तिथे मान डोलावली आणि पुढचे आठ महिने मनातल्या मनात त्यांच्याशी भांडलो. दुसरे म्हणाले, ‘‘शेवटी बापलेक एकत्र आले असते तर?’’ हे मला गोड वाटलं, म्हणून पुढच्या प्रयोगासाठी लगेच केलं आणि होती ती एकांकिकाही घालवली. पहिल्यांनी त्यांना जे ऐकू आलं ते सांगितलं होतं. दुसऱ्यांनी त्यांची स्वतःची एकांकिका सांगितली होती. हा फरक कळायला मला वेळ लागला, कारण पहिलं झोंबलं होतं आणि दुसरं झोंबलं नव्हतं.

खरी टीका मिळाली ती लाइटवाल्या काकांकडून. केबल गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, ‘‘आजोबा आल्यावर पुढची पंधरा मिनिटं मला लाइट बदलावासा वाटलाच नाही रे.’’ म्हणजे त्या पंधरा मिनिटांत रंगमंचावर काहीच बदलत नव्हतं. इतकं नेमकं मला कुणीच सांगितलं नव्हतं. जाता जाता ते म्हणाले, ‘‘पुढच्या वर्षी लिहिलंस की आधी मला वाचून दाखव.’’ ‘कडक’ म्हणणाऱ्यांपैकी पुढच्या वर्षाचं कुणी विचारलं नव्हतं.

पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. 2022 च्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा बराच वाद झाला. मला विचाराल तर करंडक राखून ठेवायला माझी हरकत नाही. दर्जा नसेल तर नसेल. पण रात्री अकरापर्यंत तालमी केलेली मुलं त्या संध्याकाळी घरी काय घेऊन जाणार, तेही बघायला हवं. ढाल नसली तरी चालेल, निदान चार स्पष्ट वाक्यं हवीत.

आणि पडण्याचं म्हणाल, तर विजय तेंडुलकरांचं ‘गृहस्थ’ 1955 साली पडलं. आता नाटक लिहिणार नाही, असं त्यांनी ठरवलंही होतं. ते टिकलं नाही हे आपलं नशीब. पुढे त्याच नाटकावर नव्याने काम करून त्यांनी ‘कावळ्यांची शाळा’ लिहिलं. पडलेली संहिता फाडू नका, असं मी मुलांना सांगतो ते यामुळे.

बाकी माझ्या सवयी साध्या आहेत. खर्डा अर्धा असताना मी कुणाला दाखवत नाही. त्या वेळी कौतुकही नडतं. पूर्ण झाला की चार-पाच जणांना बोलावतो, त्यात नाटकाशी संबंध नसलेला एक तरी असतो. वाचायला दुसऱ्याला देतो, कारण मी वाचलं की मेलेली वाक्यंही आवाजाने उठवतो. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की ‘छान’ मिळतं, म्हणून ‘लक्ष कुठे उडालं?’ असं विचारतो. खुलासा करायचा नाही, वहीत लिहून घ्यायचं. हे मला अजूनही जमत नाही. ‘अहो, पण पुढे ते येतं ना!’ तोंडातून निसटतंच.

पुढच्या वर्षी मी नवीन एकांकिका काकांना खरंच वाचून दाखवली, त्यांच्या खोलीत, चहाच्या दोन ग्लासांवर. ऐकता ऐकता ते एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर क्यू, म्हणजे लाइट बदलायच्या जागा, लिहायला लागले. अकरा झाले. बाराव्याला पेन थांबलं.

‘‘इथे काय करायचं ते अजून तुलाच ठरवता आलेलं नाहीये,’’ ते म्हणाले. ‘‘परत वाच.’’