इंजिन फाउंडेशन बदलताय? या चुका टाळा, मी जवळपास सगळ्या केल्यात

कंपनी त्याला इंजिन माउंट म्हणते, आपल्या सोलापुरात कुठल्याही गॅरेजला जा, शब्द एकच, फाउंडेशन. लोखंडाला चिकटवलेलं रबर, दिसायला एवढंसं, पण अख्खं इंजिन आणि गिअरबॉक्स त्याच्यावरच लटकलेलं असतं. माझी गाडी पोलो जीटी टीएसआय, १.२ वाली, १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे फिरवायचा जोर), वर रीमॅप मारलेला, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेलं. एक दिवस ऑटोमॅटिक गिअर डी (पुढं) मधून आर (रिव्हर्स) ला टाकताना खालून ठक् आवाज आला आणि मी त्याच रात्री बारा वाजता मोबाईलवर तिन्ही फाउंडेशन पॉलीयुरेथेनची (रबरापेक्षा कडक प्लास्टिकसारखं, थोडक्यात पॉली) मागवून मोकळा, ती पण त्यातली सगळ्यात कडक. म्हटलं परफॉर्मन्स गाडीला कडकच पाहिजे की.

ती बसवून घेतली, मग मे महिन्यात सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो, बाहेर ४३ डिग्री, एसी फुल, गाडी डी मध्ये, पाय ब्रेकवर. आतला आरसा इतका थरथरायला लागला की मागची एक रिक्षा दोन दिसत होत्या, डॅशबोर्डमधून किरकिर वेगळीच. मागं बसलेली आई म्हणाली, "अरे, गाडीत बसलोय का मागावर?" आमचं घर आधी पूर्व भागात होतं, यंत्रमागाचा आवाज तिला चांगला माहितीय.

आता असं का होतं ते बघा. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं, म्हणजे ८०० आरपीएमला सेकंदाला साधारण २७ धक्के, आणि तीन सिलिंडरच्या गाडीत २०. मऊ रबर हे धक्के गिळतं, कडक पॉली ते थेट बॉडीला देतं. म्हणून तीन सिलिंडरवाल्यांनी तर कडक फाउंडेशन घेताना दोनदा विचार करा, धक्के जितके संथ तितके ते अडवायला अवघड.

पण माझी खरी चूक त्याच्याही आधीची, काय खराब झालंय हे न बघताच पार्ट घेतला. व्हायब्रेशन आलं की फाउंडेशन, असं नसतं. न्यूट्रलला पण गाडी थरथरत असेल तर आधी प्लग, कॉइल, मिसफायर (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) बघा. गाडी जागेवरून निघतानाच हिसके मारत असेल तर क्लच, आणि आमच्या ७ स्पीड डीएसजीत (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये) तर ड्राय, म्हणजे तेलात न बुडालेला क्लच असल्यामुळं हा घोळ हमखास होतो, लोक फाउंडेशन बदलतात आणि हिसके तसेच राहतात. डी ला टाकल्यावर थरथर वाढते, गिअर बदलताना ठक् होतं, तर मग फाउंडेशनवर संशय घ्या. बॉनेट उघडायचं, हँडब्रेक ओढायचा, आत एकाला ब्रेक दाबून बसवायचं आणि डी, आर असं टाकायला लावायचं. इंजिन झोका घेतं ते दिसतंच. तुम्ही मात्र बाजूला उभं राहा, समोर नाही.

माझ्या गाडीत वरची दोन्ही धडधाकट होती, गेलं होतं फक्त खालचं, ज्याला डॉगबोन किंवा टॉर्क रॉड म्हणतात ते. वरची दोन वजन पेलतात, खालचं इंजिनाला मागं-पुढं झुलू देत नाही. आणि आडव्या इंजिनाच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत चाकाला जाणारा सगळा टॉर्क उलट फिरून या फाउंडेशनांवरच येतो, पहिल्या गिअरमध्ये तो इंजिनाच्या टॉर्कच्या दहा पटीच्या वर जातो. म्हणून रीमॅपवाल्यानं पहिला पैसा खालच्यावर घालावा. वरची दोन कंपनीचीच ठेवा आणि खाली मध्यम कडक पॉली किंवा नुसता इन्सर्ट, म्हणजे कंपनीच्या रबरातल्या मोकळ्या खाचा भरणारा तुकडा. रोज पोरांना शाळेत सोडणाऱ्या गाडीला एवढं बास झालं. सॉलिड ॲल्युमिनियमचं तर नावच काढू नका, ते रेसट्रॅकसाठी.

कडकपणा शोअर ए नावाच्या आकड्यात सांगतात. कंपनीचं रबर साधारण ५० ते ६०, रस्त्यावर चालणारं पॉली ७० च्या आसपास, ८५ च्या वर गेलात की माग सुरू. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, खाचा असलेलं ७५ आणि ठोस भरलेलं ७५ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुकानात "पोलोचं फाउंडेशन द्या" एवढंच म्हणालात तरी फसलात. १.२ पेट्रोल, नंतरची १.० टीएसआय, डिझेल, प्रत्येकाचं इंजिन आणि वजन वेगळं. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा. रबरावर छोटं गोल घड्याळासारखं चिन्ह असतं, मधल्या बाणावरून तो पार्ट कधी ओतला ते कळतं. सहा-सात वर्षं दुकानाच्या पत्र्याखाली आपल्या उन्हात भाजलेलं रबर नवीन म्हणून घेऊ नका, नखानं दाबून बघा, बारीक भेगा दिसल्या तर परत द्या. भंगारातलं जुनं तर बिलकुल नको.

बसवतानाचं म्हणाल तर तिथं मी नशीबवान. होटगी रोडला आमचे मेकॅनिक अण्णा आहेत, त्यांनी आधी जॅकवर लाकडी फळी ठेवली, कारण ऑइल पॅनला थेट जॅक लावला की पॅन गेलं. मग म्हणाले, "मालक, जुने बोल्ट मी लावणार नाय, नवीन आणा." मला वाटलं उगाच खर्च. पण या गाड्यांत बरेच बोल्ट ठरलेल्या टॉर्कनंतर अजून ९० डिग्री फिरवायचे असतात, ते एकदा ताणले की संपले. शिवाय सगळे बोल्ट आधी सैल लावायचे, इंजिन हातानं हलवून जागेवर बसू द्यायचं, शेवटी टॉर्क पान्यानं आवळायचं. पिळलेल्या अवस्थेत आवळलं तर नवं रबर पण लवकर फाटतं. आणि वरून ऑइल गळत असेल तर ते आधी बंद करा, ऑइलनं रबर फुगून मऊ पडतं.

शेवटी अण्णांनी माझी जुनी वरची दोन परत बसवली आणि खाली मध्यम पॉली. डी ला थांबलं की अजून हलकी गुणगुण येते, पण आरसा स्थिर आहे आणि ठक् गेलं. काढलेली तिन्ही कडक पॉली घरीच पडलीत, त्यातलं एक आई गच्चीच्या दाराला अडकण म्हणून लावते.