ओपन बॅक हेडफोन घेताय? या चुका टाळा

पहिली चूक मी स्वतः केलेली, म्हणून तीच आधी सांगतो. ओपन बॅक, म्हणजे मागून जाळीदार उघडा असलेला हेडफोन, दुकानात पाच मिनिटं ऐकला, गिटारच्या तारेवरून बोट घासल्याचा आवाज असा काही स्पष्ट आला की म्हटलं काय डिटेल आहे राव, आणि घेऊन टाकला. घरी दोन तास लावल्यावर लक्षात आलं की आता फक्त ते बोटच ऐकू येतंय, गिटारचा लाकडी घुमारा कुठे गेला पत्ता नाही आणि गाण्यातला प्रत्येक 'स' कानात सुईसारखा टोचतोय. तो डिटेल नव्हताच, नुसता चढवलेला ट्रेबल, म्हणजे वरचा तीक्ष्ण आवाज होता.

ॲकॉस्टिक, म्हणजे विजेशिवायच्या वाद्यांच्या गाण्यांचा जीव मिडमध्ये, म्हणजे मधल्या सुरांत असतो. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण 82 हर्ट्झला वाजते, व्हायोलिनची 196 ला, त्यामुळे ओपन बॅकमध्ये अगदी खालचा बेस थोडा कमी असतो त्याचं फार टेन्शन घेऊ नका. डबल बेस मात्र 41 पर्यंत उतरतो, तो खूप ऐकत असाल तर प्लॅनर ड्रायव्हरवाले (आवाज काढणारा पडदा सपाट असलेले) बघा, त्यांचा खालचा बेस सहसा जास्त टिकतो. ट्रायल घेताना तुम्हाला तोंडपाठ असलेलं, एक गळा आणि एक वाद्य एवढंच असलेलं रेकॉर्डिंग लावा, निदान अर्धा तास ऐका आणि दोन हेडफोनमध्ये तुलना करताना व्हॉल्यूम सारखा ठेवा, कारण जो जरासा मोठा वाजतो तोच आपल्याला भारी वाटतो.

मागे जाळी असते म्हणजे बाहेरचं आत येणार आणि आतलं बाहेर जाणार, हे माहीत असूनही लोक बससाठी आणि ऑफिससाठी घेतात. यावर अजून काय बोलायचं!

आता ओहमचं, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्या आकड्याचं. जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला, असं काही नसतं हो. सेनहायझरचा एचडी 600 हा 300 ओहमचा आहे, 32 ओहमचेही कितीतरी चांगले हेडफोन आहेत. फोनवर पुरेसा मोठा वाजेल का हे बघायला ओहमसोबत सेन्सिटिव्हिटी (ठरावीक सिग्नलला किती मोठा वाजतो ते) पण बघावी लागते आणि गोंधळ तिथेच होतो, कोणी डेसिबल एका मिलिवॅटला देतं, कोणी एका व्होल्टला. मिलिवॅटला दोघांचे 100 लिहिलेले असले तरी एका व्होल्टवर 32 ओहमवाला 115 च्या आसपास जातो आणि 300 वाला 105 च्या. त्यात ॲकॉस्टिक रेकॉर्डिंग बऱ्याचदा हळू आवाजाची असतात, म्हणून फोनवर पॉप दणक्यात वाजलं तरी सोलो गिटार मिणमिणती लागू शकते, मग सिग्नल वाढवणारा ॲम्प लागतो.

घेतल्यानंतर आवाज बिघडला वाटला तर लगेच हेडफोनला शिव्या घालू नका. गायक एकदम विहिरीत पडल्यासारखा, नुसता रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा आवाज ऐकू येतोय? जॅक अर्धवट बसलाय का बघा. त्याचा ग्राउंड (दोन्ही कानांची सामायिक परतीची जोडणी) टेकत नसला की दोन्ही कानात जे सारखं असतं ते कटतं आणि गाणारा मधोमध असल्यामुळे नेमका तोच गायब होतो. आवाज पूर्वीपेक्षा वेगळा लागतोय, तर पॅड दबलेत का बघा, चष्म्याच्या काडीमुळे फट पडत असेल तरी बेस निसटतो.

आणि चेलोच्या खालच्या सुरांवर एका कानात किर्र असा आवाज येत असेल तर पॅड काढून उजेडात नीट बघा. बऱ्याचदा आपलाच एखादा केस जाळीतून आत शिरून डायफ्रामला (आवाज काढणाऱ्या पातळ पडद्याला) टेकलेला असतो, चिमट्याने हळूच ओढायचा, झालं. माझ्या वेळी मी कंपनीला तक्रारीचा लांबलचक मेल टाईप करून बसलो होतो.