शॉर्टवेव्हसाठी अँटेना: गच्चीवरची तार की ॲक्टिव्ह लूप?

लांबचं स्टेशन खरखरीत बुडालेलं असलं की बहुतेक जण सिग्नल कमी पडतोय असं धरून चालतात आणि आणखी मोठी अँटेना शोधायला लागतात. शहरातल्या घरात सिग्नल बहुधा पुरेसा पोचलेला असतो, पण त्याच्यावर घरातली आणि शेजारची विजेची खरखर चढून बसलेली असते. साधारण १५ मेगाहर्ट्झच्या खाली तर अँटेनातून आत येणारी खरखर रेडिओच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा कितीतरी जास्त असते. अशा वेळी तार दुप्पट लांब केली किंवा तिच्यामागे ॲम्प्लिफायर लावला, तर स्टेशन आणि खरखर दोन्ही सारखीच वाढतात. एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) वर चढतो आणि बातम्या मात्र आधी कळत होत्या तेवढ्याच कळतात.

म्हणून निवड करण्याआधी एकच गोष्ट पाहायची: तुमच्या जागेत खरखरीपासून लांब जाता येतं का? जाता येत असेल तर तार लावा. येत नसेल तर लूप, म्हणजे स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेलं (ॲक्टिव्ह) कडं.

आधी अर्ध्या तासाची तपासणी

रेडिओ बॅटरीवर चालवा, फक्त त्याची स्वतःची दांडी उघडा. वेळ संध्याकाळी सात-आठची घ्या, कारण तेव्हा सगळ्यांच्या घरी दिवे लागलेले असतात. ६ ते ७ मेगाहर्ट्झच्या दरम्यान जिथे स्टेशन नाही अशी रिकामी जागा शोधा आणि नुसती खरखर ऐका. मग घरचा मेन स्विच बंद करा.

खरखर एकदम खाली आली तर गुन्हेगार तुमच्याच घरात आहे. मेन पुन्हा चालू करून एकेक एमसीबी, मग एकेक वस्तू लावत जा. नेहमीचे संशयित म्हणजे स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्स आणि राउटरचे अडॅप्टर, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. रेग्युलेटरचा आवाज कोरडा, भुंग्यासारखा, बँडभर पसरलेला असतो. चार्जरचा आवाज ठरावीक अंतराने उंचवटे यावेत तसा येतो, आणि ट्यून केलेल्या जागेवरून हळूहळू सरकतोही. असा एखादा बल्ब किंवा अडॅप्टर बदलून जेवढा फरक पडतो तेवढा पुष्कळदा नवीन अँटेनानेही पडत नाही. त्यामुळे ही पायरी गाळू नका.

मेन बंद करूनही फरक पडला नाही, तर खरखर शेजारच्या घरांतून किंवा विजेच्या लाइनवरून येते आहे. आता रेडिओ हातात घेऊन फिरा: बाल्कनी, जिना, गच्चीचा कठडा, गच्चीचा मधला भाग. लिफ्टच्या मशीन रूमजवळ आणि सोलर इन्व्हर्टरजवळ थांबून ऐका. गच्चीच्या एखाद्या कोपऱ्यात खरखर ठळकपणे उतरत असेल तर तिथे तार लावायची. वाडीत, शेतघरात, गावाबाहेरच्या बंगल्यात तर विचारच करू नका, तार लावा. तिथे ॲक्टिव्ह अँटेनावर घातलेले पैसे वाया जातात. गच्चीची परवानगी नसेल, फक्त बाल्कनी असेल आणि सगळीकडे सारखीच खरखर असेल, तर लूप.

तार लावायची असेल तर

दहा ते पंधरा मीटर तार पुरे. नेमकी लांबी किती, यावर जेवढा खल होतो तेवढा प्रक्षेपण करणाऱ्या हॅम मंडळींनी करावा, नुसतं ऐकणाऱ्याला त्याची गरज नाही. जागेत जेवढी सरळ बसते तेवढी लावा. ०.७५ किंवा १ चौरस मिलिमीटरची, पीव्हीसी आवरणाची, मल्टिस्ट्रँड तांब्याची साधी वायर चालते. दोन्ही टोकांना पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा इन्सुलेटर म्हणून आणि पुढे नायलॉनची दोरी. एक टोक झाडाला बांधणार असाल तर दोरी पुलीवरून घेऊन खाली वजन टांगा, नाहीतर पहिल्या जोरदार वाऱ्यात झाड डोललं की तार तुटते. उंची पाच-सहा मीटर मिळाली तर उत्तम. पण उंचीपेक्षा घराच्या वायरिंगपासूनचं अंतर जास्त महत्त्वाचं.

तारेचं टोक खिडकीतून थेट रेडिओपर्यंत आणण्याची चूक सर्रास होते. तारेचे शेवटचे चार मीटर घरात आले की ते घरातलीच खरखर गोळा करतात. तार जिथे संपते तिथेच, म्हणजे गच्चीवरच, तार आणि केबल जुळवून देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवा आणि तिथून को-ॲक्स केबल (मधल्या तारेभोवती धातूची जाळी असलेली) खाली आणा.

हा ट्रान्सफॉर्मर घरी बनतो. बीएन-७३-२०२ हा दोन भोकांचा छोटा फेराइट घ्या. एका भोकातून तार घालून दुसऱ्यातून परत आली की एक वेढा. ०.३ मिलिमीटरच्या एनॅमल तारेचे रेडिओच्या बाजूला २ वेढे, अँटेनाच्या बाजूला ६. वेढ्यांचं प्रमाण एकास तीन, म्हणून इम्पीडन्सचं (सिग्नलला होणाऱ्या विरोधाचं) एकास नऊ. भोकांच्या कडा धारदार असतात, तार खेचून ओढली तर एनॅमल खरवडलं जातं आणि वेढे शॉर्ट होतात. टोकांचं एनॅमल मात्र ब्लेडने तांबं चकाकेपर्यंत खरवडा. ते राहिलं की वरून सोल्डरचा डाग छान दिसतो आणि आत जोडणीच झालेली नसते. दोन वेढ्यांची टोकं को-ॲक्सच्या मधल्या तारेला आणि जाळीला. सहा वेढ्यांचं एक टोक अँटेनाला, दुसरं जमिनीत ठोकलेल्या सळईला. गच्चीवर सळई शक्य नसते, तेव्हा पाच मीटर तार फरशीवर पसरून तिला जोडा. भिंतीतल्या थ्री-पिन सॉकेटच्या अर्थिंगला कधीच जोडू नका, त्यातून घरभरची खरखर येते.

दोन्ही बाजूंचे वेढे एकमेकांना कुठेही जोडलेले नसावेत, हीच यातली मेख आहे. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा ९:१ ट्रान्सफॉर्मरच्या डब्यांत ते आतून जोडलेले असतात. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून को-ॲक्सची जाळी आणि अँटेनाचं टर्मिनल तपासा. बझर वाजला तर केबलची जाळीच अँटेनाचा दुसरा अर्धा भाग होऊन घरातली खरखर वर घेऊन जाणार.

केबल म्हणून केबल टीव्हीची आरजी-६ चालते. ती ७५ ओहमची आहे याने ऐकण्यात काहीही बिघडत नाही. तिची जाळी ॲल्युमिनियमची असल्याने डाग धरत नाही, म्हणून एफ कनेक्टर क्रिम्प करून घ्या. रेडिओच्या टोकाला एक चोकही (जाळीवरून येणारी खरखर अडवणारी गुंडाळी) हवा: साडेतीन सेंटिमीटर व्यासाच्या, ३१ किंवा ४३ मटेरियलच्या फेराइट रिंगवर आरजी-१७४ या बारीक केबलचे १०-१२ वेढे. केबलवर एखादा क्लिप-ऑन फेराइट चिकटवून समाधान मानू नका. चोकचा विरोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि एकदाच पार गेलेली केबल म्हणजे एकच वेढा.

सगळं जोडून झालं की एक चाचणी करा. कुणालातरी गच्चीवर पाठवून ट्रान्सफॉर्मरवरची तार आणि अर्थ दोन्ही सोडवा, केबल तशीच राहू द्या. रेडिओवरची स्टेशनं जवळजवळ गायब व्हायला हवीत. होत नसतील तर तुम्ही इतका वेळ तार नव्हे, केबल ऐकत होता. चोक वाढवा, केबल घरात शिरते तिथे दुसरा लावा.

हातातल्या छोट्या रेडिओला लांब तार कधीकधी जड जाते. एकच स्टेशन तीन-चार ठिकाणी ऐकू येणं, शॉर्टवेव्हवर मीडियम वेव्हची गाणी मिसळणं ही ओव्हरलोडची खूण. मालाड-मालवणीच्या आसपास राहणाऱ्यांना आकाशवाणीच्या ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झच्या ट्रान्समीटरांमुळे हे हमखास भोगावं लागतं. लोकल/डीएक्स (जवळचं/लांबचं) बटण लोकलवर न्या, तार पाच-सात मीटरवर आणा, किंवा २ मेगाहर्ट्झच्या खालचं अडवणारा हाय-पास फिल्टर लावा.

एखादाच बँड मन लावून ऐकायचा असेल तर डायपोल सर्वांत शांत. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, आली ती एकूण लांबी मीटरमध्ये. ३१ मीटर बँडसाठी ९.६ मेगाहर्ट्झ धरलं तर १४.९ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसात मीटरला थोडे कमी. मध्ये १:१ बॅलन (केबलच्या जाळीला अँटेनाचा भाग होऊ न देणारा ट्रान्सफॉर्मर) आणि को-ॲक्स. पुरेशी मोकळी जागा मात्र लागते.

ॲक्टिव्ह घ्यायची असेल तर

ॲक्टिव्हमध्ये दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. पहिली म्हणजे छोटी दांडी किंवा पट्टी आणि तिच्या बुडाशी ॲम्प्लिफायर. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या वेबएसडीआरवर (इंटरनेटवरून ऐकता येणाऱ्या रेडिओवर) अशीच मिनी-व्हिप आहे आणि ती अप्रतिम चालते, म्हणून पुष्कळ जण तीच मागवून बाल्कनीत लावतात आणि निराश होतात. ती तिथे इमारतीच्या छपरावर, मोकळ्या उंचीवर आहे. शिवाय दांडीला दुसरा अर्धा भाग लागतो आणि तो म्हणजे खांब व केबलची जाळी. खांबाच्या पायथ्याशी जाळी अर्थ केलेली नसेल तर घरातली खरखर थेट ॲम्प्लिफायरमध्ये जाते. गच्चीवर तीन-चार मीटरचा खांब आणि नीट अर्थिंग देता येत असेल तरच ही घ्या. पण एवढी सोय असली तर साधी तारही तितकंच ऐकवते.

बाल्कनीतल्या माणसासाठी लूप. ६० सेंटिमीटर ते १ मीटर व्यासाचं एक कडं आणि त्याच्या दोन टोकांशी ॲम्प्लिफायर. हा ॲम्प्लिफायर लहान आकाराची भरपाई करतो, त्याने स्टेशन स्वच्छ होत नाही. 'लूप खरखर पकडतच नाही' ही जाहिरात खरी मानू नका. लूपचा खरा फायदा असा की तो केबलला अँटेनाचा भाग बनवत नाही, आणि त्याला दिशा असते. उभ्या कड्याची कड ज्या दिशेला तिकडून जास्तीत जास्त येतं, तोंड (गोल मोकळी बाजू) ज्या दिशेला तिकडून कमीत कमी. म्हणजे कडं खरखरीच्या उगमाकडे तोंड करून उभं करायचं. आकाशातून तिरप्या वाटेने येणारं लांबचं स्टेशन फिरवल्याने फारसं कमी होत नाही, शेजारची खरखर मात्र एका ठिकाणी खड्ड्यात पडल्यासारखी खाली जाते. हा खड्डा काही अंशांचाच असतो, म्हणून अगदी सावकाश फिरवा. बांधून टाकण्याआधी बँडवर दोन-तीन ठिकाणी तपासा.

लोखंडी ग्रिल आणि भिंतीच्या सळयांपासून निदान एक मीटर बाहेर, पीव्हीसी पाइपवर लावा. ग्रिलच्या आत लावलेला लूप म्हणजे पिंजऱ्यातला लूप. उंचीची त्याला फारशी गरज नाही, जमिनीपासून दीड-दोन मीटरवरही तो चालतो, त्यामुळे तळमजल्याच्या बागेतही सोय होते.

चांगल्या लूपची माती होते ती पॉवर सप्लायमुळे. मोबाइल चार्जरवर चालवला तर चार्जरची खरखर केबलमधूनच लूपपर्यंत जाते. पॉवर बँकही नको, कारण आतला सर्किट बॅटरीचा व्होल्टेज ५ वर चढवताना तसाच गोंगाट करतो, आणि करंट कमी असला तर स्वतःहून बंदही पडतो. १२ व्होल्टच्या लूपला यूपीएसची १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-अवरची बॅटरी सरळ जोडा. १५० मिलिॲम्पिअर खाणारा लूप तिच्यावर तीसेक तास आरामात चालतो. ५ व्होल्टच्या स्वस्त लूपसाठी त्याच बॅटरीपुढे ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) लावा. कायम विजेवर चालवायचा असेल तर जुन्या पद्धतीचा, हातात जड लागणारा ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर शोधा.

मीडियम वेव्हच्या ट्रान्समीटरजवळ स्वस्त लूपचा ॲम्प्लिफायर स्वतःच ओव्हरलोड होतो. मग रेडिओपाशी कितीही चांगला फिल्टर लावा, बिघाड त्याच्या आधीच झालेला असतो. अशा जागी छोटी तार आणि फिल्टर हीच जोडी बरी.

दोन्हींची तुलना

काल तार ऐकली, आज लूप, अशी तुलना निरुपयोगी आहे. आकाश दर मिनिटाला बदलतं. दोन्ही केबल दुहेरी स्विचवर आणा आणि दहा मिनिटं आलटून पालटून ऐका. १०,००० किलोहर्ट्झवरचं बीपीएम हे चीनमधलं वेळ सांगणारं स्टेशन यासाठी उत्तम, त्याची सेकंदाची टिकटिक खरखरीतून किती उठून येते ते लगेच कळतं. मीटरकडे पाहू नका. टिकटिक आणि खरखर यांच्यातलं अंतर ऐका. मीटर खाली गेला आणि टिकटिक स्पष्ट झाली तर तीच अँटेना चांगली.

अँटेना पुरेशी आहे का, हे पाहायची सोपी रीत: ऐकता त्यातल्या सर्वांत वरच्या बँडवर, रिकाम्या जागी, केबल काढा आणि पुन्हा लावा. लावल्यावर खरखर स्पष्ट वाढत असेल तर अँटेना पुरेशी आहे. यापुढे मोठी अँटेना किंवा बूस्टर काहीही जास्त देणार नाही.

पाऊस आणि वीज

बाहेरच्या प्रत्येक जोडावर आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप, वरून साधी टेप. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकोन वापरू नका, त्यातल्या ॲसिडने तांबं खराब होतं, न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. केबल डब्यात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. ट्रान्सफॉर्मरच्या डब्याला तळाशी एक बारीक भोक ठेवा. कोकणात, समुद्राजवळ, दर पावसाळ्याआधी जोड उघडून बघा. हिरवट झालेलं तांबं कापून नव्याने जोडा.

तार महावितरणच्या लाइनच्या वरून किंवा खालून नेऊ नका, आणि तुटली तरी लाइनवर पडणार नाही एवढं अंतर ठेवा. हे फक्त ऐकण्याच्या सोयीचं नाही, जिवाचं आहे. एप्रिल-मेचा वळवाचा पाऊस, जूनची सुरुवात आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस या काळात ढग दिसायला लागले की केबल रेडिओपासून काढून खिडकीबाहेर टाका. केबल घरात शिरते तिथे गॅस डिस्चार्ज ट्यूब आणि सळई लावली असली तरीही काढा, कारण ती वाऱ्याने साठणारी स्थिर वीज उतरवते, थेट पडलेली वीज थोपवत नाही. गडगडाट ऐकू आल्यावर मात्र केबलला हात लावू नका. त्याआधीच ती काढलेली हवी.