क्वेरीत अँड आणि ऑर एकत्र आले की कंस कुठे टाकायचा

एरर नाही, रिझल्टही आला, पण नको ते रेकॉर्ड्स दिसतायत? मग आधी क्वेरीतला वेअर (कुठले रेकॉर्ड्स हवेत त्याच्या अटींचा भाग) बघा, तिथे अँड आणि ऑर दोन्ही आहेत का. उदाहरणार्थ:

वेअर स्टेटस = 'पेंडिंग' ऑर स्टेटस = 'होल्ड' अँड रक्कम > 10000

वाचताना वाटतं, दोन्ही स्टेटसला रकमेची अट लागली. पण एसक्यूएलचा, म्हणजे क्वेरी लिहायच्या भाषेचा, क्रम ठरलेला आहे, आधी नॉट, मग अँड, शेवटी ऑर, त्यामुळे ती अट फक्त होल्डला लागते आणि 200 रुपयांची पेंडिंग ऑर्डरपण आत घुसते. सिलेक्ट असेल तर एकवेळ चालेल हो, डिलीट असेल तर गेली ती ऑर्डर.

स्टेप 1: ऑरने जोडलेल्या अटी एका कंसात घ्या आणि अँड कंसाच्या बाहेर ठेवा. दोन्हीकडे एकच कॉलम असेल तर सरळ इन (यादीतलं कुठलंही एक) वापरा, स्टेटस इन ('पेंडिंग', 'होल्ड') अँड रक्कम > 10000, विषयच संपला.

स्टेप 2: कोडमधून अटी जोडत असाल तर प्रत्येक तुकडा कंसासकट जोडा. माझ्या मते खरा धोका इथेच आहे, कारण 'कंपनी_आयडी = 7 अँड' च्या पुढे सर्चचा 'नाव लाइक... ऑर ईमेल लाइक...' हा तुकडा तसाच उघडा चिकटला की ईमेल जुळणारे दुसऱ्या कंपनीचे लोकपण दिसायला लागतात, आणि टेस्ट डेटाबेसमध्ये एकच कंपनी असेल तर हे कुणाला कळतही नाही.

स्टेप 3: डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर क्वेरीच्या आधी एक्सप्लेन (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी कमांड) लावा, फिल्टरच्या ओळीत तो स्वतःच सगळे कंस घालून दाखवतो, म्हणजे त्याला काय समजलं ते लगेच दिसतं. डिलीट किंवा अपडेटच्या आधी त्याच वेअरवर काउंट (किती रेकॉर्ड्स येतात तो आकडा) घ्या, हे कुठल्याही डेटाबेसवर जमतं.

स्टेप 4: बाकीच्या ऑपरेटर्सचा क्रम पाठ करत बसू नका, तो डेटाबेसप्रमाणे बदलतो, पोस्टग्रेसने तर 9.5 व्हर्जनला <= आणि >= चा क्रम स्वतःच बदलला होता. तिथे -2 ^ 2 चं उत्तर 4 येतं कारण वजा आधी लागतो, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ^ म्हणजे घात नाहीच, एक्सऑर (बिट वेगळे असतील तिथेच 1 देणारी क्रिया) आहे. मायएसक्यूएलमध्येच 'नॉट कोड = 5' म्हणजे कोड 5 नसलेले, पण 'नॉट'च्या जागी ! टाकलं की आधी कोड उलटून 0 किंवा 1 होतो आणि मग त्याची 5 शी तुलना होते, म्हणजे एकही रेकॉर्ड येत नाही.