नोकरी, घर आणि सायकल : रत्नागिरीहून चार गोष्टी

स्पर्धेत उतरायचं ठरलं की सगळे आधी सायकलींच्या किमती बघायला लागतात. मी म्हणेन, आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा. शिमगा, गणपती, मुलांच्या परीक्षा, आंब्याच्या पेट्या भरायचे दिवस, आमच्यासारख्या बँकवाल्यांचा मार्चअखेर, हे सगळं आधी लिहा. उरेल त्या जागेत सराव बसवा. नाहीतर पालखी दारात यायची आणि तुम्ही आंबा घाटात!

मी रत्नागिरीत बँकेत आहे. घरी सासूबाई, नवरा, शाळेत जाणारा मुलगा. आठवड्याला सहा-सात तासांच्या वर सायकलला मिळत नाहीत. पण नेमाने केले तर २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करायला तेवढे पुरतात. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे, तिथे नंबर काढत नाहीत. तरी पहिल्या वर्षी तिथेच जा. लांब पल्ल्यावर आपलं पोट आणि पाठ कशी वागते ते तिथेच कळतं.

टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लावायच्या शर्यतीत, नंबर हवा असेल तर तास वाढवण्यापेक्षा त्यांचा कस वाढवायचा. इथे कोकण कामाला येतं. सपाट रस्ता शोधावा लागतो, चढ दारातच असतो. आठवड्यातून एक पहाट घराजवळच्या घाटीला द्या. चार-पाच मिनिटांचा चढ जीव तोडून चढायचा, उतारावर दम खायचा, पुन्हा वर. पाच वेळा झालं की घरी. बाकीच्या राइड इतक्या सावकाश की धाप न लागता सबंध वाक्य बोलता यावं. नवे लोक नेमके इथेच जोर लावतात आणि घाटीच्या दिवशी ढेपाळतात.

भांडणं होतात ती रविवारच्या लांब राइडवरून. आमच्याकडे तोडगा निघाला जयगडच्या फेरीबोटीमुळे. मी पहाटे निघून आरे-वारे, गणपतीपुळे, जयगड करत पलीकडे तवसाळला उतरते आणि गुहागर गाठते. घरचे सावकाश उठून मागून गाडीने येतात, गाडीही बोटीतून पार होते. मुलगा समुद्रावर खेळतो, जेवण होतं, येताना सायकल गाडीवर. फेरीच्या वेळा मात्र आदल्या दिवशी विचारून ठेवा.

पावसाळ्यात बाहेर कमी निघा, पाण्याखालचे खड्डे दिसत नाहीत. घरातच सायकल अडकवून पायडल मारायच्या स्टँडवर, म्हणजे ट्रेनरवर, फुकटचा उतार नसतो, त्यामुळे पाऊण तासही भरपूर होतो. समोर पंखा हवाच, इथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही. माझ्या बाटलीत कोकमाचं आगळ, साखर आणि सरबताला घालतो त्याहून थोडं जास्त मीठ असतं.

सायकल धुण्याचा वेळही राइडमध्येच धरा. लाल चिखल ब्रेकचे पॅड खातो, खाऱ्या वाऱ्याने चेन गंजते. म्हणून गोड्या पाण्याने धुवायची, कोरडी पुसायची, मग तेल. घरी साडेसातचा शब्द दिला असेल तर सातलाच अंगणात पोचलेलं बरं. त्यातही सासूबाई ऐकवतातच, "माझी समई कधी एवढी घासली नाहीस गो!"

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या संघात रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पुरी केली. डॉक्टरकी सांभाळून केली, हे खरंच. पण त्यांचा दाखला देऊन घरच्यांकडे जादा तास मागू नका. आणि झोप कापून तर मुळीच काढू नका. साडेचारला उठायचं तर साडेनऊला अंथरुणात. टीव्ही कुणीही लावो.

स्पर्धेआधीच्या दहा-बारा दिवसांत सराव निम्म्यावर आणायचा, थोडा जोर मात्र चालू ठेवायचा. तेव्हा हाताशी वेळ येतो. तो आधीच घरच्यांच्या नावावर करून टाका. माझ्याकडे त्यात पालकसभा आणि बाजारहाट येते. माळा आवरायचं काम तेवढं मी स्पर्धेनंतरवर ढकलते, शिडीवरून पाय मुरगळला तर सगळंच मुसळ केरात.