आमिश पद्धतीचं ‘सेंटर डायमंड’ क्विल्ट घरी कसं शिवायचं

आमिश म्हणजे अमेरिकेतला साधेपणाने राहणारा एक ख्रिस्ती पंथ, आणि क्विल्ट म्हणजे तीन थरांची, टाके घातलेली गोधडी. आमिश क्विल्ट म्हटलं की सगळे आधी अवघड डिझाइन शोधायला लागतात. पण अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीतली जुनी क्विल्ट्स बघा, त्यात तुकडे अगदी मोजके असतात, मोठमोठे प्लेन रंग एकमेकांशेजारी आणि त्यावर हाताचे इतके बारीक टाके की जवळ गेल्याशिवाय दिसतच नाहीत. खाली दिलेल्या सेंटर डायमंडमध्ये (मध्ये टोकावर उभा असलेला एक मोठा चौकोन आणि भोवती किनारी) सगळे मिळून फक्त २१ तुकडे आहेत, त्यामुळे शिवणकाम थोडंफार येत असेल तरी जमेल, वेळ मात्र टाक्यांना द्यायचा.

आमिश लोक अठराव्या शतकात युरोपातून पेनसिल्व्हेनियात आले, पण ही कला त्यांनी बरोबर आणलेली नव्हती, ती बायका तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या शेजारणींकडून शिकल्या आणि साधारण १८८० ते १९४० या काळात त्यांनी ती पूर्ण स्वतःची करून टाकली. आपल्या गोधडीत जुनी लुगडी, धोतरं जातात, तसं इथे नाही, बरंचसं कापड नवीन विकत घेतलेलं असायचं, काही कपडे शिवून उरलेलं. तुकडे जोडायला पायाने चालवायचं मशीन सर्रास वापरायच्या, त्यामुळे तुम्हीही मशीन वापरा, त्यात कमीपणा काही नाही. आणि आमिश बायका क्विल्टमध्ये मुद्दाम एक चूक ठेवतात ही गोष्ट खूप फिरते, तिला काही आधार नाही, या बायका काम चोख व्हावं म्हणून जीव ओतायच्या.

आता कापड. लँकेस्टरमध्ये बारीक विणीचं लोकरी कापड वापरायचे, ओहायो-इंडियानाकडे सुती सॅटिन जास्त. आपण प्लेन कॅम्ब्रिक, पॉपलीन किंवा कॉटन सॅटिन घ्यायचं, प्रिंट अजिबात नको (मागच्या अस्तराला त्या कधीकधी छापील कापड लावायच्या, तिथे हौस भागवून घ्या). रंग मरून, जांभळा, गडद निळा, बाटली हिरवा असे, पांढरा टाळाच. मरूनशेजारी जांभळा लावायला आपला हात कचरतो, पण लावाच, जुन्या क्विल्टची सगळी ताकद तिथे आहे. सगळं कापड आधी वेगवेगळं धुऊन घ्या, मरून तर रंग सोडतोच, आणि इस्त्री करून मगच कापा.

शिलाई सगळीकडे पाव इंच. मधला मरून चौकोन १२.५ इंच कापा. हिरव्या कापडाचे १० इंचाचे दोन चौकोन कापून प्रत्येकाचे तिरके दोन भाग करा, म्हणजे चार त्रिकोण मिळतील. ते मरून चौकोनाच्या चार बाजूंना लावा, आधी समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन. त्रिकोणाची लांब बाजू तिरकी कापलेली असल्याने ताणली जाते, ओढू नका, टाचण्या लावून शिवा. मग सगळं मिळून १७.५ इंचाचा चौकोन राहील असं छाटा, मरून टोकांच्या बाहेर पाव इंच सुटलंच पाहिजे नाहीतर पुढच्या शिलाईत टोकं खाल्ली जातात.

आतली किनार जांभळी, २.५ बाय १७.५ इंचाच्या चार पट्ट्या आणि कोपऱ्यांना २.५ इंचाचे चार चौकोन. दोन पट्ट्या समोरासमोर लावा, उरलेल्या दोघींच्या टोकांना चौकोन जोडून मग त्या लावा. बाहेरची किनार गडद निळी, ७.५ बाय २१.५, कोपऱ्यांचे चौकोन ७.५ इंचाचे, पद्धत तीच. ही रुंद किनार आणि मोठे कोपरे ही लँकेस्टरची खूण, कापड वाचवायला अरुंद केलीत तर सगळी मजा जाईल.

मग खडूने नक्षी काढून घ्या. मध्ये चांदणी आणि भोवती पिसांचं गोल कडं, आतल्या अरुंद किनारीत भोपळ्याच्या बियांचा आकार, बाहेर पिसांची वळणदार वेल, आणि रिकाम्या जागेत तिरक्या रेघांच्या चौकटी. पुठ्ठ्याचा एक साचा कापून तोच पुढे सरकवत गेलं की पिसं एकसारखी येतात. ४० इंचाचं अस्तर, त्यावर सुती बॅटिंगचा, म्हणजे आतल्या भरावाचा, पातळ थर (जाड नको, जाड थरात टाका लहान येतच नाही) आणि वर हा जोडलेला भाग, तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी धरून फ्रेमवर ताणा.

टाका म्हणजे साधा धावदोराच. आखूड सुई, मधल्या बोटात अंगुस्तान, दुसरा हात खाली, सुईचं टोक खालच्या बोटाला जेमतेम लागलं की लगेच वर उचलायचं, असे तीनचार टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढायचा. गाठ वरून हलकेच आत ओढून थरात लपवायची. चांगल्या जुन्या कामात इंचाला ८ ते १२ टाके दिसतात, पण सुरुवातीला ५-६ आले तरी चालतील, सारखे हवेत एवढंच. आमिश बायका मोठ्या फ्रेमभोवती सात-आठ जणी बसून हे करतात, दिवसभर गप्पा आणि जेवण सगळं तिथेच, तेव्हा तुम्हालाही बहीण, जाऊ, मैत्रीण कोणी मिळाली तर जरूर बसवा.

शेवटी काठ. बॅटिंग आणि अस्तर वरच्या कापडाच्या बाहेर अर्धा इंच ठेवून छाटा, २.२५ इंचाच्या पट्ट्या वरच्या कापडाच्या कडेशी जुळवून त्या कडेपासून पाव इंचावर शिवा आणि मागे दुमडून हाताने टाका घाला, म्हणजे पाऊण इंच रुंद भरीव काठ येतो. क्विल्ट साधारण ३६.५ इंच चौरस होईल.

आणि मागे आपलं नाव आणि साल शिवून टाका, हे खरंच मनापासून सांगतेय. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये क्विल्ट्स चित्रांसारखी भिंतीवर टांगली गेली, त्यानंतर व्यापारी आमिश घरांतून जुनी क्विल्ट्स विकत घ्यायला लागले, पण कोणी शिवलं हे बहुतेकांनी लिहूनच घेतलं नाही. त्यामुळे आज म्युझियमच्या पाट्यांवर कितीदा तरी नुसतं ‘अज्ञात’ असतं. पुढे ऐंशीच्या दशकापासून लँकेस्टरच्या दुकानांसाठी लाओसहून आलेल्या ह्मोंग निर्वासित बायकांनीही भरपूर शिवलं, विकलं गेलं ते आमिश म्हणून, त्यांचीही नावं कुठे नाहीत.

भिंतीवर लावणार असाल तर मागे वरच्या काठाला कापडी नळी शिवून त्यातून काठी घाला, आणि समोरून थेट ऊन येणारी भिंत टाळा, जांभळा रंग उन्हाने लवकर उडतो.